एकट्याचा कॅरम

जळगावला आम्ही ज्यांच्या घरात भाड्याने राहत होतो ते घरमालक संध्याकाळी एकटेच कॅरम खेळायचे. पाटबंधारे खात्यात ते ट्रेसर होते. दिवसभर कालव्यांचे नकाशे गिरवायचे आणि घरी आले की हातपाय धुऊन ओट्यावर बोर्ड मांडायचे. पावडर मारायची, सोंगट्या लावायच्या आणि डावा हात विरुद्ध उजवा हात असा सामना सुरू. डाव्या हाताची पाळी आली की उठून पलीकडच्या बाजूला जाऊन बसायचे, कारण एकाच जागेवरून खेळणं म्हणजे लबाडी. राणी डाव्या हाताने घेतली तर उजव्या हाताच्या माणसाचं तोंड जरा उतरायचं, आणि तो माणूसही तेच असायचे. वर जिन्याच्या खिडकीतून हे सगळं मला दिसायचं आणि पहिल्या वर्षी तर मी पदर तोंडात कोंबून हसायची.

मी मूळची बोदवडची. प्राथमिक शाळेत शिक्षिका, आणि आमचे हे रेल्वेत. घर छान होतं, पाण्याची ददात नव्हती, आणि घरमालकीण म्हणजे आमच्या वहिनी, तर लाख माणूस. त्या भडगावकडच्या, गिरणाकाठच्या. बोलायच्या अस्सल अहिराणी, तेही मोठ्या आवाजात. मी त्यांना वहिनी म्हणायची आणि त्या मला मास्तरीनबाई. गल्लीत कुणाकडे बिबडे, म्हणजे ज्वारीचे पापड, घालायचे असोत की खापरावरचे मांडे, वहिनींशिवाय पान हलायचं नाही. अशा बाईला असा नवरा मिळावा, याची सगळ्या गल्लीला हळहळ होती. माझी हळहळ सगळ्यांत मोठी, कारण मी त्यांच्याच डोक्यावर राहत होते.

घरमालक कुणाशी भांडायचे नाहीत की कुणाकडे जायचे नाहीत. कुणी 'काय भाऊ, कसं काय?' विचारलं तर फाटकाच्या कडीकडे बघत 'बरं आहे' म्हणायचे. लग्नाला गेले तर पहिल्या पंगतीला जेवून अक्षता पडायच्या आत घरी. ऑफिसात मोठे साहेब आले होते, त्यांनी सगळ्यांसमोर यांच्या नकाशाचं कौतुक केलं. सगळे टाळ्या वाजवायच्या बेतात असताना हे म्हणाले, "जाऊ का?" त्यांच्याच ऑफिसातल्या कारकुनाने हे मला सांगितलं आणि आम्ही दोघं खूप हसलो. घरातला पितळी हंडा चोरीला गेला तेव्हा वहिनींनी गल्ली डोक्यावर घेतली, हे म्हणाले, "माझं काही अडत नाही." हे त्यांचं ठरलेलं वाक्य. कौतुक करा, हिणवा, काही करा, चेहरा तोच.

रविवारी सकाळी सगळी गल्ली ज्याच्या घरी टीव्ही त्याच्याकडे दाटीवाटीने बसायची, तेव्हा घरमालक यावलची बस पकडायचे. वाटेत कुठेही उतरायचे, केळीच्या बागांमधून, पाटाच्या कडेने चालत सुटायचे आणि दिवस मावळायला गुडघ्यापर्यंत धुळीने माखून परत यायचे. कुठे गेला होतात विचारलं तर, "तिकडे." काय होतं तिकडे? "बरं होतं." आता आठवून बघते तर तेव्हा त्यांचा चेहरा अगदी तृप्त असायचा. पण तेव्हा मी तो तसा बघितलाच नाही. माझं आधीच ठरलं होतं की हा माणूस आतून दुःखी आहे.

त्यांची आई लहानपणीच गेली होती, हे एक कारण आम्हा बायकांना पुरेसं होतं. त्या दुःखाने मिटले बिचारे, कुणीतरी हात धरून बाहेर काढायला पाहिजे, असं माझं मत. मी मास्तरीण, म्हणजे सुधारणा करायची खोडच. आमच्या ह्यांना एका संध्याकाळी बळेच खाली पाठवलं, जा, त्यांच्याशी कॅरम खेळा. हे बिचारे गेले. घरमालक सरकून बसले, सोंगट्या लावल्या, एक बोर्ड खेळले, जिंकले. मग सोंगट्या परत मधोमध लावत अगदी सभ्यपणे विचारलं, "झालं? आता मी खेळू का?"

आमचे हे वर आले ते चिडून. मी म्हटलं, दुःख माणसाला असं करतं.

थंडीत घरमालकांच्या ऑफिसच्या लोकांची भरीत पार्टी होती, कुणाच्या तरी मळ्यात. वहिनींबरोबर आम्ही बायकाही गेलो होतो. काड्यांच्या जाळावर वांगी भाजली, गाणी झाली, आणि पंगत बसली तेव्हा घरमालक गायब. मीच शोधायला निघाले. तुरीच्या पलीकडे पाटाच्या काठावर पाय सोडून बसले होते, मांडीवर केळीच्या पानात भरीत आणि ज्वारी-उडदाच्या कळण्याची भाकरी. मी म्हटलं, "भाऊ, असं एकटं किती दिवस कुढत बसणार?" त्यांनी माझ्याकडे पाहिलं, मग पाण्याकडे पाहिलं. म्हणाले, "मी जेवतोय." मला त्यांची इतकी कीव आली की डोळ्यांत पाणी आलं. परत येऊन ते पाणी मी सगळ्यांना दाखवलं.

वहिनींना लग्नाआधी घरमालकांच्या आत्याने सांगितलं होतं, पोरगा जरा अबोल आहे, आईच्या दुःखाने तसा झालाय, लग्न झालं की बोलका होईल. वहिनींनी वाट पाहिली. हे त्या मला हसत हसत सांगायच्या. "एक वरीस वाट दखी, दोन वरीस दखी. मंग म्हंतं, जाऊ दे माय, मीच दोन माणसंनं बोलस." आणि खरंच बोलायच्या. खालून त्यांचा आवाज यायचा, चपला आत आणल्या म्हणून, बनियन उलटं घातलं म्हणून, दुधाचं पातेलं उघडं ठेवलं म्हणून. घरमालक ऐकून घ्यायचे. मधे एखादा "बरं." आम्ही गल्लीतल्या बायका दुपारी त्यांच्या ओट्यावर जमायचो आणि पहिला प्रश्न ठरलेला, "काय वहिनी, आज बोलले का भाऊ?" वहिनी त्यांची नक्कल करायच्या. सगळ्या हसायचो आणि निघताना सगळ्या चुकचुकायचो.

मग वहिनींची आई गेली. भडगावला दिवसकार्याला, गंधमुक्तीला, आम्हीही गेलो. मोठा मांडव, सगळा गोतावळा. जावई म्हणून यांनी पुढे बसायचं, येणाऱ्या-जाणाऱ्याशी दोन शब्द बोलायचे. हे जेवले, पत्रावळ उचलली आणि गिरणेच्या वाळूत चालायला निघून गेले. दुपारच्या बसने परस्पर जळगावला. वहिनींचे थोरले भाऊ, त्यांना सगळे नाना म्हणायचे, चार लोकांत खाली मान घालून बसले. मला तर वहिनींकडे बघवेना.

त्यानंतरच्या महिन्यांत वहिनी हळूहळू उतरल्या. आम्हाला वाटलं, आईचं दुःख आहे, त्यात असा नवरा. आम्ही गेलो की त्या हसायच्या, नक्कलही करायच्या, पण अर्धी करून थांबायच्या. बिबडे घालायला आल्या तर ओल्या फडक्यावर शिजवलेल्या घाट्याचा गोळा ठेवून हात तसाच धरून बसायच्या. कुणीतरी म्हणायचं, वहिनी, लक्ष कुठंय? की परत थापायला लागायच्या. केसांना तेल नाही, ब्लाउज खांद्यावरून ओघळायला लागलेला. हे सगळं मी पाहिलं. रोज पाहिलं. आणि रोज खाली जाऊन मी विचारायची, "काय, बोलले का भाऊ?"

एका दुपारी मी तांदूळ निवडत बसले होते. जिन्यात पावलं वाजली आणि दारात घरमालक. आम्ही राहायला आल्यापासून ते कधी वर आले नव्हते. नळ गळत असला तरी खालूनच पाइपावर पान्याने ठोकायचे, की समजायचं दुरुस्ती होते आहे. मी बसा म्हटलं, ते बसले नाहीत. दाराच्या चौकटीशी बोलल्यासारखं बोलले.

"बाई, हिचं काहीतरी बिनसलंय."

मी म्हटलं, "आता कळलं तुम्हाला?"

"पहाटे उठून मोरीत बसते. अंधारात. शेवभाजीत मीठ नसतं, तिला कळत नाही." मग म्हणाले, "माझ्यावर चिडत नाही. पूर्वी चिडायची."

"चिडून उपयोग काय, भाऊ? भिंतीवर कुणी किती दिवस डोकं आपटेल?"

"तसं नाही," ते म्हणाले. "मी असा आहे. ती अशी नाही. तिला माणसं लागतात. आता माणसं येतात तरी तिला लागत नाहीत. धुळ्याला डॉक्टर आहेत असं ऑफिसात ऐकलं. मी म्हटलं तर येत नाही. तुम्ही बरोबर आलात तर येईल."

धुळ्याला डॉक्टर म्हणजे कुठले, ते मला माहीत होतं. आमच्याकडे त्यांना वेड्यांचे डॉक्टर म्हणायचे. जळगावात कुणाला कळू नये म्हणून जळगावची माणसं धुळ्याला जायची आणि धुळ्याची जळगावला यायची. त्या दवाखान्याच्या बाकावर मला कुणी पाहिलं तर शाळेत काय म्हणतील, हे माझ्या मनात सगळ्यांत आधी आलं. वहिनी नंतर आल्या. पण तोंडाने मी जे बोलले ते याहून वाईट होतं. मी म्हटलं, "डॉक्टरची गरज तिला नाही, भाऊ, तुम्हाला आहे. तुमच्याजवळ राहून कुणीही असंच होईल. तिच्याशी दोन शब्द बोला, ती आपोआप बरी होते की नाही बघा."

"बरं," म्हणाले आणि जिना उतरले. मला त्या वेळी फार बरं वाटलं. कुणीतरी त्यांना एकदा सुनवायलाच पाहिजे होतं, असं मी रात्री ह्यांनाही सांगितलं.

एवढ्यावर थांबले असते तरी चाललं असतं. पण पुढच्याच आठवड्यात नाना ट्रॅक्टरमधून ज्वारीची पोती घेऊन आले आणि मी त्यांना फाटकातच गाठलं. बहिणीला घेऊन जा म्हटलं. इथे तिचं माणूस कुणी नाही, हा माणूस नुसता दगड आहे, चार दिवस माहेरी हसण्याबोलण्यात राहिली की सुधारेल. गंधमुक्तीचा राग नानांच्या पोटात होताच. त्यांनी अंगणात उभं राहून घरमालकांना नको नको ते ऐकवलं. सगळी गल्ली दारात. वहिनी पिशवी घेऊन मुकाट्याने ट्रॅक्टरमध्ये जाऊन बसल्या, मागे वळूनही बघितलं नाही.

घरमालकांनी सगळं ऐकून घेतलं आणि विचारलं, "नाना, तुमच्या मळ्यातल्या विहिरीला कठडा आहे का?"

नाना उसळले. "पाव्हना, तुमनं डोकं ठिकानावर शे का?"

"पहाटे तिच्याजवळ कुणीतरी असू द्या," घरमालक म्हणाले.

"आमनी बहीण आमले जड नही. तुम्ही आमले शिकाडू नका."

ट्रॅक्टर गेला. गल्लीतल्या बायका माझ्याकडे बघून मान हलवायला लागल्या, मास्तरीनबाईंनी बरं केलं. विहिरीच्या कठड्याची गोष्ट आम्ही पुढे कितीतरी दिवस हसून सांगत होतो. त्या हसण्याची मला आज जितकी लाज वाटते तितकी दुसऱ्या कशाचीच वाटत नाही.

त्यानंतर रविवारी यावलची बस बंद झाली. घरमालक भडगावला जायला लागले. हे मला नंतर नानांकडूनच कळलं. सकाळच्या बसने यायचे आणि नानांच्या ओट्यावर बसायचे. आत भावजया, भाचरं, येणारे-जाणारे, म्हातारे, सगळं खटलं. ज्या माणसाला पाहुण्यांत घोटभर चहा पीत बसवत नव्हतं तो त्या गर्दीत दिवसभर बसायचा. कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं, कुणी टोमणे मारत होतं. संध्याकाळी उठताना एकच वाक्य, "धुळ्याला नेऊ." नाना नाही म्हणायचे. पुढच्या रविवारी परत ओट्यावर हजर. माहेरी गर्दीत राहून वहिनी सुधारतील हे माझं भाकीत, आणि त्या गर्दीत कुणाच्या लक्षात आलं नाही की वहिनी कुणाच्या बोलण्याला उत्तरच देत नाहीयेत.

मग एका पहाटे धाकट्या भावजयीला जाग आली तर अंथरूण रिकामं. मळा घरामागेच. वहिनी विहिरीच्या काठावर पाय आत सोडून बसलेल्या सापडल्या. भावजयीने मागून कवळ घातली. काय करी ऱ्हायनात इचारलं तर म्हणाल्या, काही नही, नुसती बठनू. त्या विहिरीला कठडा नव्हता.

रविवारी घरमालक आले तेव्हा नाना ओट्यावर त्यांचीच वाट बघत उभे होते. "चाला, कोठे लई जानं शे?" वहिनींनी एवढंच सांगितलं, मास्तरीनबाईले बलावा. म्हणून नाना मला न्यायला जळगावला आले आणि विहिरीचं मला कळलं. मी चूल तशीच सोडून निघाले. भडगावहून धुळ्याच्या बसमध्ये वहिनी माझ्या खांद्याला टेकून बसल्या होत्या. मी त्यांचा हात धरला होता, पण पारोळ्यापर्यंत मला एक शब्द सुचला नाही, मला, जिला कायम सगळं सुचतं.

दवाखान्यात नानांनी आत शिरताच घरमालकांना पुढे केलं. "डाक्टरसाहेब, आधी यास्ले दखा. ह्या बोलतस नही, हसतस नही. यास्नामुळेच आमनी बहीणनं असं व्हयनं."

डॉक्टर मध्यमवयीन, शांत गृहस्थ होते. त्यांनी खरंच आधी घरमालकांना विचारलं. "लोकांत करमत नाही?"

"नाही."

"आणि एकटे असता तेव्हा?"

"करमतं."

"काय करता?"

"कॅरम खेळतो."

"कुणाशी?"

"कुणाशी नाही."

"मजा येते?"

घरमालकांनी विचार केला. "येते. डावा हात सुधारतोय."

"असे कधीपासून आहात?"

"असाच आहे. आधीपासून."

मग डॉक्टर वहिनींकडे वळले. पूर्वी काय काय आवडायचं, असं विचारलं. वहिनी एकेक सांगायला लागल्या, कुणा तिसऱ्याच बाईचं सांगावं तसं. बिबडे घालानं. आखाजीना झोका. भाऊसना पोरं. यास्नासंगे भांडानं. "आते काहीच गोड लागत नही. लोके येतस म्हनीसन हसस. कोनले काय उपेग शे मन्हा?" आणि त्या रडल्यासुद्धा नाहीत.

त्यांना आतल्या खोलीत बसवून डॉक्टरांनी आम्हाला समजावलं. म्हणाले, दोघं गप्प दिसतात म्हणून दोघांचं एक समजू नका. या गृहस्थांना माणसांची भूक मुळातच कमी. जेवढी आहे तेवढ्यात त्यांचं पोट भरतं. हा टोकाचा स्वभाव झाला, आमच्या पुस्तकात त्याला नाव आहे, पण त्यांना स्वतःला त्याचा त्रास नाही, आणि त्यांना जे आवडतं ते अजून आवडतं. बाईंना भरपूर भूक होती, ती मेली आहे. हे दुखणं आहे, नवऱ्याने दोन शब्द बोलून जाणारं नाही. याला औषध आहे, वेळ लागेल, पण त्या बऱ्या होतील. मग घरमालकांकडे बघून म्हणाले, "हे दुखणं यांनाही होऊ शकतं. ज्या दिवशी यांचा कॅरम बंद पडेल त्या दिवशी यांना घेऊन या. पण पहाटेचं उठणं, मिठाचं, हे सगळं कुणाच्या लक्षात आलं?"

नाना खाली बघत होते. मी खिडकीबाहेर बघत होते. घरमालक म्हणाले, "जाऊ का?"

गोळ्या सुरू झाल्या. लगेच काही झालं नाही, उलट पहिले काही आठवडे वहिनी दिवसभर झोपायच्या. नानांनी त्यांना जळगावला आणून सोडलं. विहिरीजवळ ठेवायची त्यांचीच छाती होईना. घरमालकांनी मोरीतला दिवा रात्रभर चालू ठेवायला सुरुवात केली. पहाटे वहिनी उठल्या की तेही उठून मोरीच्या दाराशी पाट टाकून बसायचे. बोलायचे काही नाहीत. मी वरून बघायची आणि खिडकी लावून घ्यायची.

आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या, सुमाराला एका सकाळी खालून आवाज आला, "त्या चिखलन्या चपला आते बाहेर फेकी दिसू मी!" मी जिन्यात होते, शाळेला निघालेली. तिथेच पायरीवर बसले आणि रडले. खालून घरमालकांचा "बरं" ऐकू आला.

माझ्या मनात होतं, वहिनींची माफी मागायची. फाटकात नानांना मी गाठलं होतं ते त्यांना ठाऊक होतं, पण त्या कधी बोलल्या नाहीत. त्याच उन्हाळ्यात गच्चीवर बिबडे घालायला त्या आल्या, पहिल्यासारख्या भराभर हात मारत. आम्ही दोघीच होतो. मी मनात वाक्यं जुळवत होते, घाट्यात हात भिजवत होते, आणि तोंड उघडलं तर त्यातून निघालं ते हेच, "काय वहिनी, आता तरी बोलतात का भाऊ?"

वहिनींचा हात थांबला. रागावल्या नाहीत. फडक्यावरचा बिबडा कडेने सारखा करत म्हणाल्या, "मास्तरीनबाई, तुम्ही सगळ्याजनी मन्हाकडे येत व्हत्यात ते त्यास्नं इचाराले. मन्हं इचारं ते फक्त त्यास्नी."